फाशीचा एक प्रश्न नाही, तीन आहेत : इतिहासातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



मागच्या महिन्यात ‘पेट’ पास झालेल्या एका ज्युनिअरचा फोन आला. म्हणाला, “ताई, सिनॉप्सिससाठी विषय ठरलाय. ‘फाशीच्या शिक्षेबाबत समाज, कायदा आणि धर्म यांचा दृष्टिकोन’. कसा वाटतो?”

मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण यात प्रश्न कुठे आहे?

तो गप्प झाला. मला हसू आलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अशीच गप्प झाले होते. मी एम.एस्सी. केली ती संख्याशास्त्रात, आणि पीएच.डी.ला वळले ते कायद्याच्या इतिहासातल्या आकडेवारीकडे. पहिल्याच सादरीकरणात मी एक स्लाइड दाखवली होती : त्रावणकोर संस्थानात फाशी बंद असताना ९६२ खून झाले, ती पुन्हा सुरू झाल्यावर ९६७ झाले. म्हणजे फाशीने काही फरक पडत नाही. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी एकच विचारलं, “दोन्ही वेळचा नकाशा एकच होता का?” मला उत्तर देता आलं नाही. त्या स्लाइडकडे आपण शेवटी परत येऊच.

आज मी तुम्हाला फाशी असावी की नसावी हे पटवणार नाही. या एका शब्दात किती वेगवेगळे प्रश्न दडलेत आणि इतिहास ते सुटे करायला कशी मदत करतो, ते बघू. कोणताही मोठा विषय घेतलात तरी ही पद्धत उपयोगी पडेल.

१. धर्म : शिक्षा कोणासाठी?

‘हिंदू धर्माचा फाशीबद्दल दृष्टिकोन’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत की तिथेच लाल रेघ पडणार. कारण ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वधाचे दोन प्रकार आहेत, शुद्ध वध आणि चित्र वध. म्हणजे साधा देहदंड आणि यातना देऊन दिलेला देहदंड. इथे भाषा राज्यकारभाराची आहे. मनुस्मृतीत वेगळाच विचार दिसतो : राजाने दंड दिलेला माणूस पापातून मोकळा होतो आणि पुण्यवानांसारखा स्वर्गाला जातो. म्हणजे शिक्षा ही गुन्हेगाराच्या शुद्धीसाठीसुद्धा आहे. त्याच मनुस्मृतीत ब्राह्मणाला, त्याने कोणताही गुन्हा केला असला तरी, ठार मारू नये, राज्याबाहेर घालवावं असंही आहे. एकाच ग्रंथात शुद्धीचा विचार आणि जातीची सवलत शेजारी शेजारी.

आणि महाभारताच्या शांतिपर्वात राजा द्युमत्सेन आणि त्याचा मुलगा सत्यवान यांचा संवाद आहे. (हो, सावित्रीचाच सत्यवान.) वधाला नेलेल्या माणसांना पाहून मुलगा बापाला विचारतो, एका दरोडेखोराला मारलं की त्याची आई, बाप, बायको, मुलं यांचीही हत्या होते, त्यांचा दोष काय? बाप म्हणतो, दंड नसेल तर व्यवस्था कोसळेल. आजच्या टीव्ही चर्चेतले दोन्ही पक्ष या जुन्या संवादात हजर आहेत.

अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात तिसरी वाट दिसते. मृत्युदंड झालेल्यांना तो तीन दिवसांची मुदत देतो, नातेवाइकांना जीवदानासाठी खटपट करता यावी, नाहीतर परलोकासाठी दान-उपवास तरी करता यावेत म्हणून. लक्षात घ्या, अहिंसेचा हा पुरस्कर्ता देहदंड रद्द करत नाही, तीन दिवस देतो.

आता आपल्याकडचं उदाहरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. आपण ती ‘निःस्पृह न्यायाधीश’ म्हणून वाचतो, ते ठीकच. पण शब्दाकडे बघा : ‘शिक्षा’ नाही, ‘प्रायश्चित्त’. सत्ताधाऱ्याला शिक्षा देणारं कोर्ट त्या व्यवस्थेत नव्हतं, पण पाप धुण्याचा मार्ग सांगणारा शास्त्री होता. हा फरक ज्याला दिसला, त्याला संशोधनाचा एक छोटा, नेमका प्रश्न मिळाला.

इस्लामी कायद्यात अजून वेगळी मांडणी आहे. किसासच्या तत्त्वानुसार खून हा आधी मृताच्या वारसांवरचा अन्याय. वारस जिवाच्या बदल्यात जीव मागू शकतात, दियत म्हणजे भरपाई घेऊ शकतात किंवा माफ करू शकतात. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजदारी न्यायालयांत हाच कायदा चालू होता. १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नवॉलिसने वारसांचा माफीचा अधिकार काढून घेतला आणि खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा झाला. माफी पीडिताच्या घरातून निघाली आणि सरकारच्या टेबलावर गेली. आज राष्ट्रपतींकडे जाणारा दयेचा अर्ज आपल्याला स्वाभाविक वाटतो, त्याच्यामागे असाही एक इतिहास आहे.

२. नंदकुमार : एक फाशी, दोन गोष्टी

स्रोत कसे वाचायचे हे शिकायचं असेल तर महाराजा नंदकुमारचा खटला घ्या. मार्च १७७५ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्यावर जुन्या बनावट दस्तऐवजाचा खटला उभा राहिला, आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात त्याला फाशी झाली. गुन्हा खुनाचा नव्हता, बनावटगिरीचा होता. इंग्लंडच्या कायद्यात त्या काळी त्याला देहदंड होता, आणि तो कायदा बंगालमधल्या ब्राह्मणाला लावला गेला. नव्याने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश होता हेस्टिंग्जचा शाळासोबती एलिजा इम्पी.

मेकॉलेने १८४१ च्या निबंधात हा जवळजवळ न्यायिक खूनच ठरवला. १८८५ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने याच खटल्यावर पुस्तक लिहून इम्पीचा बचाव केला. आता गंमत बघा. मेकॉले म्हणजे भारतीय दंड संहितेच्या मसुद्याचा मुख्य शिल्पकार, आणि स्टीफन म्हणजे १८७२ च्या पुरावा कायद्याचा. दोघेही भारतात कायदा सदस्य होते. एकाला जुनी व्यवस्था किती वाईट होती हे दाखवायचं होतं, दुसऱ्याला कोर्टाची कागदपत्रं नीट वाचली तर काय दिसतं ते. म्हणून ‘मेकॉले म्हणतो’ असं लिहून थांबू नका. तो कोण आहे, कधी आणि कशासाठी म्हणतोय, हे पुढच्या ओळीत यायला हवं.

३. कायदा : एका पोटकलमाचा प्रवास

आता कायद्याकडे. बहुतेक विद्यार्थी थेट दंड संहितेचं कलम ३०२ उघडतात. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, हे १८६० च्या संहितेत होतं आणि २०२३ च्या न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही आहे. इथे बघितलंत तर दीडशे वर्षांत काही बदललं नाही असंच वाटेल.

खरा बदल प्रक्रियेच्या कायद्यात आहे, जिथे फार कोणी बघत नाही.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६७(५) होतं. गुन्ह्याला मृत्युदंड असेल आणि न्यायाधीशाने तो दिला नाही, तर का दिला नाही याचं कारण लिहावं लागे. म्हणजे फाशी हा नियम, जन्मठेप हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि न्यायाधीशाला दोन्ही वाटा सारख्या झाल्या. १९७३ च्या नव्या संहितेत कलम ३५४(३) आलं : फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणं’ लिहा. आता जन्मठेप नियम झाली, फाशी अपवाद. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३(३) मध्ये तेच कायम आहे.

शिक्षेचं कलम तेच राहिलं, कारण कोणी लिहायचं एवढंच उलटं झालं. संशोधनात आपण ज्याला ‘बर्डन ऑफ प्रूफ’ म्हणतो ते ७५ वर्षांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं.

या काळात राजकारणही चालू होतं. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना २३ मार्च १९३१ ला फाशी झाली. काँग्रेसच्या त्याच वर्षीच्या कराची ठरावात मृत्युदंड नसावा असं कलम आहे. ३ जून १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकर म्हणाले की फाशीच्या अपिलांसाठी सर्वोच्च न्यायालयाला अधिकार देत बसण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द केलेला मला जास्त पसंत आहे. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अंबाल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली, गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या दोन मुलांनी ती होऊ नये अशी विनंती केलेली असतानाही. आणि १९५८ मध्ये राज्यसभेत मृत्युदंड रद्द करण्याचा ठराव मांडला कोणी? अभिनेते पृथ्वीराज कपूर यांनी. चर्चा होऊन तो मागे घेतला गेला.

४. लोकमत : मोजलं कोणी?

मे १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मताने मृत्युदंड घटनेला धरून आहे असं ठरवलं, पण तो ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावा आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही बघावा असं सांगितलं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, तो मात्र सहसा निसटतो : न्यायाधीशांनी स्वतःला लोकमताचे प्रवक्ते समजू नये.

तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, मच्छी सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने पाच प्रकार सांगितले आणि कसोटी दिली ती ‘समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला’ बसलेल्या धक्क्याची. आता एक विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून माझा भाबडा प्रश्न : हा धक्का मोजायचा कसा? नमुना कोणता? मोर्चे, वर्तमानपत्रांचे मथळे, की न्यायाधीशाच्या मनाला झालेली वेदना? निकालपत्रांमध्ये याचं मोजमाप सापडत नाही. तरी पुढच्या असंख्य निकालांत हा शब्दप्रयोग येत राहिला. ‘समाजाचा दृष्टिकोन’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हे आठवा. तुम्ही समाज मोजताय, की समाजाच्या नावाने कोणीतरी लिहिलेलं वाचताय? दोन्हींवर संशोधन होऊ शकतं, पण दोन्हींची पद्धत वेगळी.

५. आकडे : माझी फसलेली स्लाइड

आता त्रावणकोर. संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंद केली, १९५० मध्ये ती परत आली. ९६२ आणि ९६७ हे आकडे संसदेतल्या चर्चांपासून पुढे अनेक ठिकाणी येतात. पण १ जुलै १९४९ ला त्रावणकोर आणि कोचीन एकत्र होऊन नवं राज्य झालं होतं. म्हणजे दुसरा आकडा कोणत्या भूभागाचा, लोकसंख्या किती वाढली, पोलीस नोंदी तशाच ठेवल्या जात होत्या का, हे तपासल्याशिवाय तुलना होत नाही. अंश दिला होता, छेद नव्हता. बाईंनी नकाशा विचारला तो त्यासाठी.

उलट बाजूनेही हीच चूक होते, आणि जास्त महाग पडते. १९७५ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिख यांनी १९३३ ते १९६९ चे आकडे घेऊन मांडलं की एका फाशीमुळे सात-आठ खून टळत असावेत. हा निष्कर्ष थेट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादात पोहोचला. मग इतरांनी तेच गणित पुन्हा करून बघितलं. १९६० च्या दशकातली शेवटची काही वर्षं वगळली की परिणाम जवळजवळ नाहीसाच होत होता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की फाशीने खून वाढतात, घटतात की फरक पडत नाही, यातलं काहीच या अभ्यासांवरून कळत नाही, म्हणून धोरण ठरवताना ते वापरू नयेत.

‘फरक पडत नाही’ आणि ‘फरक पडतो का ते कळत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या स्लाइडवर पहिलं होतं, माझ्या हातात जेमतेम दुसरं होतं.

आणि आपल्याकडे तर मुळात किती जणांना फाशी झाली हेच नीट माहीत नाही. स्वातंत्र्यानंतर पन्नास-पंचावन्न फाशा झाल्या असा आकडा बराच काळ फिरत होता. पण कायदा आयोगाच्या १९६७ च्या ३५ व्या अहवालाच्या परिशिष्टात एक तक्ता आहे : १६ राज्यांत, साधारण दहा वर्षांत, १,४२२ फाशा. मानवी हक्क कार्यकर्त्यांनी तो शोधून पुढे आणेपर्यंत तो सगळ्यांसमोरच पडून होता. म्हणून सांगते, अहवालाचा सारांश वाचून पीडीएफ बंद करू नका. परिशिष्टं वाचा.

६. चूक झाली तर?

इथवर सगळं अभ्यासाचं वाटलं असेल. आता ज्याच्यामुळे मी हा विषय सोडू शकले नाही, ते सांगते.

१९९५ च्या अखेरीस राजस्थानातल्या रावजी नावाच्या आरोपीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही. बच्चन सिंगच्या बरोबर उलट, आणि ते पीठ पाच जणांचं होतं. १९९६ मध्ये रावजीला फाशी झाली. त्याचा दाखला पुढच्या अनेक निकालांत दिला गेला, त्यातल्या आणखी एका माणसाला १९९७ मध्ये फाशी झाली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, संतोषकुमार बरियार निकालात, सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की रावजीचा निकाल बंधनकारक कायदा दुर्लक्षून दिला गेला होता. तोवर तेरा वर्षं झाली होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली आणि अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या १३ जणांची शिक्षा कमी करावी अशी मागणी केली. ज्या दोघांना फाशी झाली होती, त्यांच्यासाठी मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसरं प्रकरण आपल्या राज्यातलं. २००३ मधल्या एका दरोडा, बलात्कार आणि हत्यांच्या खटल्यात भटक्या जमातींतल्या सहा मजुरांना दोषी ठरवलं गेलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचं निष्पन्न झालं. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितले. मधली सोळा वर्षं तुरुंगात गेली. आणि ज्या कुटुंबातली माणसं मारली गेली, त्यांच्यासाठी खरे गुन्हेगार कोण हा प्रश्न तसाच राहिला. हेही विसरून चालणार नाही.

आपण संख्याशास्त्रात शिकतो : टाइप वन एरर, टाइप टू एरर. निर्दोषाला दोषी ठरवणं आणि दोषीला सोडणं. परीक्षेत दोन मार्कांची व्याख्या लिहून आपण पुढे जातो. या खटल्याचा २००९ चा निकाल आणि २०१९ चा निकाल मी एका रात्रीत लागोपाठ वाचले, तेव्हा मला ती व्याख्या पहिल्यांदा कळली. पुरावे बऱ्यापैकी तेच होते. अकरा-बारा साक्षी-कागद बदलले म्हणून सहा माणसं सुटली असं झालं नाही, वाचणारे डोळे बदलले होते. जन्मठेपेतली चूक उशिरा का होईना, थोडीफार दुरुस्त होते. अंमलात आलेल्या फाशीतली होत नाही.

२०१५ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली. १९६७ च्या आयोगाने तो ठेवावा असं म्हटलं होतं. संसदेने कायदा बदललेला नाही. माझं मत कुठे झुकतं ते तुम्हाला कळलंच असेल. पण माझ्या प्रबंधात ते मत निष्कर्ष म्हणून येणार नाही, कारण माझा डेटा तेवढं सिद्ध करत नाही. हा संयम पाळणं मला अजूनही जड जातं.

मग त्या ज्युनिअरला काय सांगितलं?

तीन गोष्टी सांगितल्या, तुम्हीही वहीत लिहून घ्या.

पहिली : प्रश्न सुटे करा. ‘देहदंड योग्य आहे का’ हा नीतीचा आणि धर्माचा प्रश्न. ‘तो देण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या अटीवर’ हा कायद्याचा. ‘त्याने गुन्हे घटतात का’ हा मोजमापाचा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी टाकू नका. खून घटत असले तरी फाशी न्याय्य ठरतेच असं नाही, आणि न घटले म्हणून ती अन्याय्य ठरतेच असंही नाही.

दुसरी : काळ आणि जागा बांधा. ‘प्राचीन काळापासून आजपर्यंत’ हा प्रबंध नाही. ‘१९५५ ची दुरुस्ती आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतले मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्षेबाबतचे निकाल’ हा होऊ शकतो.

तिसरी : आपल्याला आवडणारा आकडा सगळ्यात आधी तपासा. नावडता आकडा आपण तपासतोच.

परवा त्याचा मेसेज आला. विषयाचं नाव आता साडेतीन ओळींचं झालंय, म्हणे गाईड सर नाव ऐकूनच वैतागले. पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे. मी म्हटलं, नाव नंतर कापता येईल, प्रश्नचिन्ह तेवढं ठेव.

पुढच्या लेखात निकालपत्र कसं वाचायचं ते बघू. तोवर वाचत राहा, आणि हो, परिशिष्टंसुद्धा.